यारीवरचं स्तोत्र

विहीर खोदणाऱ्या टोळीतली बाई म्हणजे डोक्यावर टोपलं घेतलेली बाई, असं ज्यांना वाटतं त्यांनी हिरीबाईला पाहिलेलं नाही. इंझोरीच्या अंगाला असलेल्या तांड्यातली ही बाई कित्येक वर्षं यारीवर बसते. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं केलेलं ओढयंत्र. त्याला डिझेलचं इंजिन, तारेचा दोर गुंडाळणारा ड्रम, पुढे लांब लोखंडी हात आणि त्या हाताच्या टोकाला लोंबणारी बकेट. दगडमुरूम त्याच बकेटीतून वर येतो आणि माणसंही त्याच बकेटीतून खाली-वर होतात. पूर्वी यारीवर तिचा नवरा उदयसिंग बसायचा. एकदा त्याच्या डोळ्यात दगडाची कपची उडाली, नजर अधू झाली, आणि टोळीतले पुरुष आता यारी कोणी धरायची यावर पान खात चर्चा करत बसले. हिरीबाईनं लुगड्याचा काष्टा कसला आणि ती जाऊन बसली. चर्चा तिथंच संपली.

तिच्या टोळीचा एक कायदा होता, आणि तो तिनंच घातलेला. सुरुंग लावायच्या आधी खालचा प्रत्येक माणूस काठावर आला की त्यानं स्वतःच्या तोंडानं हाक द्यायची, 'अमुक वर!' हिरीबाई तेच नाव परत म्हणायची. सगळ्यांची नावं येऊन गेली की खाली उरलेला एकटा माणूस बत्त्या पेटवायचा, बकेटीत चढून दोर हलवायचा आणि हिरीबाई त्याला भराभर वर घ्यायची. तोवर काठावरच्या कोणीतरी दोरीची शिडी ओढून घेतलेली असायची, नाहीतर स्फोटात तिच्या चिंध्या होतात. दुसऱ्याची हाक तिसऱ्यानं द्यायची नाही. नव्या पोरांना याचं हसू यायचं. शाळेत हजेरी देतात तशी ही काय भानगड, असं ते म्हणायचे आणि शिव्या खायचे.

तांडा सगळा बंजाऱ्यांचा, संत सेवाभायाला मानणारा, होमात भोग लावणारा. हिरीबाईचं माहेर मात्र ख्रिस्ती. तिचा बाप वाशीमला एका मिशनच्या आवारात राखण करायचा, आणि लग्न होऊन आली तेव्हा येशूही तिच्यासोबत आला. उदयसिंगनं कधी अडवलं नाही. "तुवा देव तू सांभाळ, माहा मी सांभाळतो," एवढंच तो म्हणाला होता, आणि दोघांनीही ते पाळलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाशीमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची सभा असे. ज्याच्यावर देवानं उपकार केले त्यानं उभं राहून सर्वांदेखत सांगायचे. हिरीबाई एसटीनं जायची आणि पहिल्यांदा तीच उभी राहायची.

बायबलमधल्या स्तोत्रांपैकी तिचं आवडतं तिसावं. वाचता येत नसल्यानं ते तिनं ऐकून पाठ केलेलं. मरणाच्या खड्ड्यातून बाहेर आलेला एक माणूस त्यात देवाचे आभार मानतो. एकदा सभेत पाळकसाहेबांनी त्याचा अर्थ उलगडला. 'तू मला वर काढलंस' असं जिथं आहे तिथं मूळ भाषेत विहिरीतून पाणी शेंदण्याचा शब्द आहे, असं ते म्हणाले. हिरीबाई जागेवरूनच ओरडली, "म्हंजे देव यारीवर बसते!" सगळी सभा हसली. तिला मात्र ते फारच पटलं. खरं सांगायचं तर गरजेपेक्षा जास्त पटलं.

पुढच्या ओळी तिला तितक्या रुचत नसत. तो माणूस म्हणतो, बरे दिवस होते तेव्हा मी म्हणालो, मी काही ढळत नाही. मग तू तोंड लपवलंस आणि माझी गाळण उडाली. त्याच्या पुढे तर तो देवाशी चक्क घासाघीस करतो. मी खड्ड्यात गेलो तर तुला काय लाभ? माती तुझे आभार मानणार आहे का?

"हा तं बैलबाजार झाला, साहेब," हिरीबाई म्हणाली. "देवासंग असं बोलते का कोणी?"

"ज्याच्या पायाखालची जमीन सरकली, तो मापून कसा बोलेल, हिरीबाई?" पाळकसाहेब म्हणाले.

तिनं मान डोलावली, पण त्या ओळी ती पुटपुटून उरकायची आणि पुन्हा शेंदण्यापाशी यायची. त्या दिवशी साक्ष देताना ती म्हणाली, "माह्या दोरावर आजलग कोणी खाली राह्यलं नाई. देवाचे उपकार." म्हणताना मान अशी काही ताठ होती की उपकार नेमके कोणी कोणावर केले, हे ऐकणाऱ्याला कळू नये.

त्या उन्हाळ्यात टोळी जऊळक्याच्या शिवारात जानरावांच्या शेतात होती. जानराव बरा माणूस, दुपारी मजुरांना ताक पाठवणारा, पण उतावीळ. दिवसातून दहा वेळा काठावर येऊन पाणी लागलं का विचारायचा. टोळी म्हणजे घरचीच माणसं. हिरीबाई यारीवर, उदयसिंग देखरेखीला, मुलगा धनराज आणि जावई दौलत खाली, आणि मुलगी मंजू काठावर. दौलत शेजारच्या तांड्याचा. बोलायला गोड, कामाला वाघ आणि मोबाइलचा वेडा. मंजूचं त्याच्याशी लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. आईसमोर ती त्याचं नावही घेत नसे, पण जेवताना तिच्या ताटातली चटणी त्याच्या भाकरीवर जायची, हे हिरीबाई बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

काळा पाषाण लागला होता. सकाळभर भोकं पाडून त्यांत सुरुंगाचे तोटे भरले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बत्ती द्यायची वेळ झाली. जानराव काठावर उदयसिंगला खेटून उभे, "उरका हो, उरका, मले जऊळक्याले जा लागते," असं चाललेलं. दौलत शिडीनं वर येत होता. त्याचं डोकं काठाच्या वर दिसलं मात्र, आणि उदयसिंगनं, जानरावांची कटकट थांबावी म्हणून, आपणच आवाज टाकला, "दौलत वर!"

हाक दौलतची नव्हती. हिरीबाईला ते दिसत होतं, ऐकू येत होतं. एरवी कोणा पोरानं असं केलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण हा नवरा, आणि शेजारी शेताचा मालक. परक्या माणसासमोर नवऱ्याला टोकायचं कसं? शिवाय दौलतचं डोकं तिनंही पाहिलं होतं.

"दौलत वर," ती म्हणाली.

उदयसिंग जानरावांकडे वळला, हिरीबाई दोराकडे. आणि काठावर हात टेकलेल्या दौलतला आठवलं की शर्ट खालीच कपारीत राहिला, शर्टाच्या खिशात मोबाइल. कोणाला काही न सांगता तो तसाच सरसर खाली उतरला. मंजू पाण्याची कळशी ठेवून आली, बापाची हाक तिनं ऐकली होती, तिनं शिडी हातोहात ओढून काठावर ढीग घातला. खाली धनराज एका बाजूला वाकून बत्त्या पेटवत होता. पेटवून झाल्यावर तो बकेटीत चढला, दोर हलवला. हिरीबाईनं दांडा ओढला आणि इंजिन घुमलं.

विहीर ऐसपैस, तळाशी धूर धरलेला. बकेट निम्म्यावर आली तेव्हा धनराजनं सहज खाली पाहिलं. धुरात शर्ट हातात धरून दौलत उभा होता. तो शिडीच्या जागी भिंत चाचपत होता, आणि तिथं शिडी नव्हती.

"याडी!" धनराज किंचाळला. तांड्यात आईला याडी म्हणतात. "याडी, दौलत खाली हाय! सोड! खाली सोड!"

काठावर एकच कालवा झाला. मंजूनं शिडीच्या ढिगावर झडप घातली, पण घाईत ओढलेली शिडी स्वतःतच गुंतून बसली होती. गाठ सुटेना. खाली दौलत एक बत्ती उपटत होता, पण भोकं पुष्कळ, आणि एक राहिली तरी ती एक पुरे. उदयसिंग "अरे देवा, अरे देवा" एवढंच म्हणत होता. त्याची अधू नजर त्या धुरात काहीच शोधू शकत नव्हती.

आणि हिरीबाई? तिचा हात दांडा ओढतच होता.

हे नीट सांगायला हवं. तिला ऐकू आलं नाही असं नव्हतं. शब्द न् शब्द कळला होता. पण बकेटीत धनराज होता, तिचा पोटचा, आणि तो वर येत होता. दोर ड्रमवर गुंडाळला जात होता आणि प्रत्येक वेढ्यासरशी तो मरणापासून दूर होत होता. अजून थोडं, मग काठ, मग तो सुटला. हात म्हणत होता, आधी हा, मग तो. 'मग' म्हणजे कधी, याचं उत्तर हाताला ठाऊक होतं आणि तरी तो ओढत होता. पळभरच असेल. पण त्या पळात मंजूनं शिडी टाकली, वळली, आणि विहिरीत न बघता आईच्या हाताकडे पाहिलं.

हिरीबाईनं ते बघणं बघितलं आणि क्लच सोडला.

बकेट अशी सुटली की ब्रेकच्या पट्ट्यातून धूर निघाला. धनराजचा "हो!" असा आवाज खाली जात विरला. तळाशी लागायच्या आत तिनं पाय रोवून ब्रेक धरला, बकेट धाडकन टेकली, आणि मग काहीच दिसेना. वरून नुसता धूर, बत्त्यांची फुरफुर आणि इंजिनाची धडधड. आता दोर हलेपर्यंत थांबायचं. लवकर ओढलं तर रिकामी बकेट वर येईल, उशिरा ओढलं तर ओढायला काही उरणार नाही.

ती वाट पाहताना हिरीबाई मोठ्यानं बोलत होती. पुढं सगळ्यांना ते आठवलं, तिला मात्र नाही. ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं. "मेले तं तुले काय भेटन? सांग ना! काय भेटन तुले? दोघायची माती तुवं नाव घेईन का रे? मी घेईन का? नाई घेणार! तोंड दाखव! कुठी लपला?" जानराव नंतर लोकांना सांगायचे, की म्हातारी देवाला असं झापत होती जसा तो उधारीवर घेतलेला गडी आहे.

दोर हलला.

तिनं दांडा ओढला. दोघांचं वजन, पट्टा घसरायला लागला, इंजिन गुदमरलं. अॅक्सिलरेटर पुरता दाबला तरी ड्रम रेंगाळत फिरत होता. "चाल, चाल, चाल माय," ती इंजिनाला म्हणाली. आधी धनराजचं डोकं दिसलं, मग बकेटीला बाहेरून लोंबकळणारा दौलत, एक पाय आत, एक अधांतरी. उदयसिंग आणि जानराव दोघंही पोटावर पडून हात लांब करून होते. जानरावांच्या हाताला दौलतची मान लागली, त्यांनी मानेला धरूनच त्याला ओढला. सगळे बांधाकडे पळाले. हिरीबाई यारीवरून उतरली नव्हती तोच जमीन हादरली.

दगड शेतभर बरसले. एक यारीच्या पत्र्यावर आदळला, एक दौलतच्या घोट्यावर बसला. तेवढ्यावर निभावलं. धुरळा खाली बसला तेव्हा सगळे जिवंत होते. उदयसिंग बांधावर डोकं धरून बसला होता. मंजूनं दौलतच्या घोट्याला पदर फाडून बांधला. हिरीबाई जवळ गेली तशी ती उठली आणि नवऱ्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

त्या दिवसापासून मंजू आईशी बोलेना.

भांडली असती तर बरं झालं असतं. हिरीबाई भांडणाला कधी भीत नव्हती. पण मंजू सासरच्या तांड्यात निघून गेली, फोन उचलेना, धनराज भेटायला गेला तर त्याला चहा पाजला, त्याचे पाय धरले, आणि आईचा विषय निघाला की चुलीपाशी गेली. तांड्यात तोवर हिरीबाईची कीर्ती पसरली होती. बायका यायच्या, तिच्या हाताला हात लावून जायच्या. पोराला बत्तीवर सोडलं हिनं जावयासाठी, बाईचं काळीज की दगड! ती हात मागे घेऊन कामाला लागायची. लोकांना वाटायचं, केवढी ही नम्रता. नम्रता कसली, लोक हाताचं कौतुक करत होते आणि तिला तो हात पदराखाली लपवावासा वाटत होता.

संध्याकाळी एकटी असली की ती स्तोत्र म्हणून बघायची. तू मला वर काढलंस, इथपर्यंत जमायचं. पुढं 'तू तोंड लपवलंस' आलं की अडायची. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की ही तक्रार खड्ड्यातल्या माणसानं देवाकडे केली आहे. आता तिला खाली धुरात भिंत चाचपणारा दौलत दिसायचा, आणि यारीवर बसलेली ती स्वतः.

"तिले सांग ना मनातलं," उदयसिंग एकदा म्हणाला. "चूक तं माही व्हती. हाक म्या देल्ली."

"तुमची चूक तोंडाची व्हती," ती म्हणाली. "माही हाताची हाय. आन तिनं पाह्यली."

पुढच्या महिन्याच्या सभेला जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण पाळकसाहेबांचा निरोप आला, की सगळे तुमच्या साक्षीची वाट बघत आहेत, जानरावांकडून गोष्ट वाशीमपर्यंत आली आहे. उदयसिंगही म्हणाला, चल, मी येतो सोबत. तो पहिल्यांदाच चर्चमध्ये आला आणि चपला कुठं काढायच्या याची चौकशी करत दारातच घोटाळला.

सभा भरली. हिरीबाई मधल्या बाकावर कडेला बसली, शेजारी उदयसिंग. गाणं झालं, वाचन झालं. पाळकसाहेबांनी तिच्याकडे बघून हसून मान हलवली. ती उठली नाही. कोणीतरी मागून हळूच ढोसलं. ती तरी उठली नाही. उठून काय सांगणार? खरं सांगितलं तर पोरीनं पाहिलं ते आपल्याच तोंडानं कबूल झालं, ती कायमची गेली. अर्धं सांगितलं तर ज्या देवाच्या नावानं सांगायचं त्याला उरलेलं अर्धं ठाऊक.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. पाय प्लास्टरमध्ये घातलेला दौलत काठी टेकत पायरीवर बसत होता, आणि त्याला बसवून मंजू आत येत होती.

मंजू कधी सभेला आली नव्हती. हिरीबाईनं ओळखलं. आता ही इथंच सांगणार, सगळ्यांदेखत. सांगू दे, असं एक मन म्हणालं, आणि दुसऱ्या मनानं बाकाची कड घट्ट धरली. मंजू बाकांच्या मधून सरळ पुढं गेली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"मी तुमच्यातली नाई," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "मले तुमचं गाणं येत नाई. पण माही याडी म्हनते, का इथं उपकार सगळ्यायच्या समोर सांगतेत. म्हून आली."

"सांग, बाई," ते म्हणाले.

"माहा नवरा खाली राह्यला व्हता. शिडी मीच वढली. म्या वाकून पाह्यलं नाई. हे आधी सांगते." ती थांबली. "धनराज वरडला, तवा म्या याडीच्या हाताकडे पाह्यलं. तो हात थांबला नाई. तो वरच वढून राह्यला व्हता. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

सभेत कुजबुज झाली. उदयसिंग अर्धवट उठला. हिरीबाईनं त्याचा सदरा धरून खाली बसवला आणि मान खाली घातली.

"मंग तिनं सोडलं," मंजू म्हणाली. "पोटचा पोरगा पेटत्या बत्तीवर सोडला, माह्या माणसापायी. इतके दिवस मी इचार करून राह्यली, का कोनतं खरं धरू. वढत राह्यली ते का सोडलं ते. दौलत म्हने, सोडलं तेवढंच सांग. पण तेवढंच सांगतलं तं ते माह्या याडीचं नाई होत, कोन्या देवीचं होते. देवीचे उपकार मानाले लोक हायेत. मले माह्या याडीचे मानाचे हायेत. तिले भेव वाटलं, आन तरी तिनं सोडलं. माहा माणूस वर आला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बस."

कोणी आमेन म्हणालं नाही. म्हणायचं असतं का, हेच कोणाला कळेना. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं. दौलत दारातून आत बघत होता.

हिरीबाईला वर बघवेना. इतकी वर्षं ती आभार ऐकत आली होती, काठावर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून, आणि प्रत्येक वेळी मान ताठ व्हायची. आज मान उचलत नव्हती. डोळ्यांतून पाणी लुगड्यावर पडत होतं आणि ते पुसायला हात पदराबाहेर काढायची तिला लाज वाटत होती. तिला पावलं ऐकू आली. ती बाकापाशी येऊन थांबली. बाक भरलेला होता, कडेला बसलेल्या हिरीबाईच्या बाजूला जेमतेम वीतभर जागा.

"सरक ना जराशी, याडी," मंजू म्हणाली.

हिरीबाई सरकली.